भाकरीवर वाढलेले पिल्लू

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेच्या विज्ञान मेळाव्याला आम्ही गेलो होतो. कार्यक्रम आटोपल्यावर आठवीतली दोन मुले पोत्यावर ठेवलेले कुत्र्याचे एक पिल्लू घेऊन आली. पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचे, तांबूस रंगाचे, पोट सुटलेले होते. पुढचे दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकले होते. ते उभे राही, थरथरे आणि लगेच बसे.

“खायला काय घालता?” आम्ही विचारले.

“ज्वारीची भाकरी. सकाळी आणि रात्री. दूध असलं तर दुधात कुस्करून.”

“आणि दिवसभर?”

“बांधून ठेवतो, सर. सोडलं की रस्त्यावर पळतं, तिथं गाड्या असतात.”

पारावर बसलेले एक आजोबा हे ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्या चार पिढ्यांची कुत्री भाकरीवरच वाढली. एकाचेबी पाय असे झाले न्हाईत.”

आम्ही पशुवैद्य नाही. मुलांना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता दाखवणे एवढेच आमच्या हाती होते. पण आजोबांचे म्हणणे मनात राहिले. ते खोटे नव्हते. या भागातली राखणीची, शिकारीची, धनगरांच्या मेंढरांमागून चालणारी कुत्री पिढ्यानपिढ्या भाकरीच खात आली. मग तीच भाकरी खाऊन या एका पिल्लाचे पाय का वाकले? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्यातला एक महत्त्वाचा अध्याय तर खुद्द ज्वारीचा आहे.

लांडग्यापासून भाकरीपर्यंत

प्रथम एक शंका दूर करू. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याचा ‘नैसर्गिक’ आहार म्हणजे फक्त मांस, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. कुत्रा माणसाच्या सोबतीला आला त्याला निदान चौदा-पंधरा हजार वर्षे झाली. त्यानंतर माणूस शेती करू लागला आणि त्याच्या उकिरड्यावर धान्याचे उष्टे पडू लागले. ज्या कुत्र्यांना हे उष्टे पचत असे ती अधिक संख्येने जगली, त्यांना पिल्ले झाली.

याचा पुरावा कुत्र्याच्या जनुकांत आहे. स्वीडनमधील उप्साला येथील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर स्वादुपिंडात ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती होत्या. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. ज्यांनी कधी धान्य पिकवले नाही अशा लोकांबरोबर राहिलेल्या ऑस्ट्रेलियातील डिंगो कुत्र्यात मात्र पुढे केलेल्या अभ्यासांत लांडग्याप्रमाणे दोनच प्रती सापडल्या. म्हणजे माणसाने शेती केली आणि तिची खूण कुत्र्याच्या पेशीत उमटली.

तेव्हा भाकरी कुत्र्याला पचते, यात शंका नको. ती तव्यावर आणि निखाऱ्यावर भाजलेली असल्याने तिच्यातले पिष्ट कच्च्या पिठापेक्षा अधिक सहज पचते. आजोबांचा पहिला मुद्दा येथे सिद्ध होतो. पण पचणे वेगळे आणि पुरणे वेगळे. चुलीत लाकूड चांगले जळते, म्हणून लाकडातून चूल बांधता येत नाही. वाढत्या पिल्लाला नुसते जळण नको असते. त्याला हाडे, स्नायू, रक्त सारे नव्याने बांधायचे असते.

बांधलेले पिल्लू म्हणजे प्रयोग

आजोबांच्या चार पिढ्यांची कुत्री खरोखर काय खात होती, याचा विचार करू. मालकाने घातलेली भाकरी हा त्यांच्या खाण्यातला एक भाग होता. सुगीला ती शेतातले उंदीर पकडत. कोणाकडे बोकड कापला की आतडी आणि हाडे त्यांच्या वाट्याला येत. शेळी व्याली की वार त्यांनी पळवलेली असे. मेलेल्या जनावराचा सांगाडा गावाबाहेर पडे, तिथे ती जात. उकिरडा, ओढ्याकाठचे खेकडे, टोळ, आणि सांगायला संकोच वाटला तरी सांगितले पाहिजे, हागणदारी, असे सारे मिळून त्यांचे ताट होत असे. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबामुळे या भागात कुत्र्याला मान आहे. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास त्याच्याही वाट्याला येतो. पण देवाच्या घासापेक्षा त्याचे पोषण उंदराने आणि हाडकाने अधिक केले. शिवाय ज्या पिल्लांना हे मिळाले नाही ती लहानपणीच मेली आणि विस्मरणात गेली. आजोबांना आठवत होती ती जगलेली कुत्री.

शाळेतल्या त्या पिल्लाला मात्र दोरी होती. दोरीमुळे त्याचे ताट एका पदार्थावर आले. एक प्राणी, एक खोली, एकच अन्न आणि वाट पाहणे, यालाच प्रयोगशाळेत आहारशास्त्राचा प्रयोग म्हणतात. त्या मुलांनी नकळत तो प्रयोग मांडला होता. तो यापूर्वी अनेकदा झाला आहे, आणि त्यात बऱ्याचदा कुत्रीच होती.

मॅजेन्डीचा पाव

पॅरिसमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा मॅजेन्डी यांनी १८१६ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नायट्रोजन नसलेल्या अन्नावर प्राणी जगेल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी एका कुत्र्याला केवळ शुद्ध साखर आणि पाणी दिले. कुत्रा पहिल्या आठवड्यात आनंदाने खात होता. मग तो रोडावला, त्याच्या डोळ्यांवर व्रण पडले आणि सुमारे महिन्याभरात तो मेला. ऑलिव्हचे तेल, डिंक, लोणी यांच्याबाबत असेच झाले. शरीराला नायट्रोजनयुक्त पदार्थ, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिने, अन्नातूनच मिळाली पाहिजेत हे त्यातून दिसले. डोळ्यांच्या व्रणांचा अर्थ मात्र शंभर वर्षांनी, ‘अ’ जीवनसत्त्व सापडल्यावर लागला.

मॅजेन्डी यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. पांढऱ्या पावावर आणि पाण्यावर ठेवलेला कुत्रा पन्नास दिवसांपलीकडे जगला नाही. सैनिकांना मिळणाऱ्या जाड्याभरड्या पावावर ठेवलेला कुत्रा मात्र तग धरून राहिला. धान्य तेच होते, फरक कोंड्याचा होता. कोंड्यात काहीतरी आहे हे कुत्र्याने दाखवून दिले. ते ‘काहीतरी’ काय, हे सांगणारे रसायनशास्त्र तेव्हा जन्माला यायचे होते.

वाकलेले पाय

आता पायांकडे येऊ. लहान मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकतात त्या रोगाला आपण मुडदूस म्हणतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुडदूस घरोघर होता. कोणी म्हणे हवा वाईट, कोणी म्हणे घर कोंदट, कोणी म्हणे आनुवंशिक.

१८८९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून एक धागा मिळाला. तेथे सिंहाचे बछडे जगत नसत. त्यांना हाडांविना घोड्याचे मांस दिले जाई आणि त्यांचे पाय वाकत. जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकांनी त्या मांसाबरोबर कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल द्यायला सांगितले. काही महिन्यांत बछडे सुधारले. ‘नुसते मांस हाच नैसर्गिक आहार’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जंगलातला सिंह नुसते मांस खात नाही. तो सगळे जनावर खातो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. कॅल्शियम असते हाडात.

खरा उलगडा एडवर्ड मेलनबी यांनी केला, आणि तो कुत्र्याच्या पिल्लांवर केला. पहिले महायुद्ध संपत असताना, १९१८-१९ साली, त्यांनी लंडनमध्ये पिल्लांना घरात ठेवून त्या काळच्या गरीब इंग्रज कुटुंबाच्या आहाराशी जुळणारे अन्न दिले: पाव किंवा ओटची लापशी आणि साय काढलेले दूध. थोड्याच आठवड्यांत पिल्लांना मुडदूस झाला. त्याच अन्नात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळले की तो होत नसे. काही वर्षे चाललेल्या या कामात त्यांनी शेकडो पिल्ले वापरली. तेलातला गुणकारी घटक ‘अ’ जीवनसत्त्वच असावा असे त्यांना आधी वाटले. अमेरिकेतील मॅकॉलम यांनी १९२२ साली तेलातले ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट करून पाहिले, तरी मुडदूस बरा झाला. म्हणून या नव्या घटकाला पुढचे अक्षर मिळाले: ‘ड’.

दरम्यान १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून बरी केली. मग खरे काय, अन्न की ऊन? दोन्ही खरे ठरले. माणसाच्या कातडीत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते, म्हणून मुलाला ऊन पुरले तर अन्नातले ‘ड’ कमी असले तरी भागते. कुत्र्याचे मात्र तसे नाही. १९९४ साली हॉलंडमधील उट्रेक्ट येथील संशोधकांनी दाखवले, की कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत हे जीवनसत्त्व पुरेसे तयारच होत नाही. त्यांना ते अन्नातूनच घ्यावे लागते. मेलनबींनी मुलांऐवजी पिल्ले निवडली म्हणूनच अन्नाचा परिणाम इतका स्वच्छ दिसला. आणि आपल्यापुरता धडा असा, की मराठवाड्याचे कडक ऊन दिवसभर अंगावर घेऊनही ते पिल्लू मुडदुसापासून वाचणार नव्हते.

मेलनबींच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती. अन्नात धान्य जितके अधिक तितका मुडदूस जोरदार, आणि ओटमध्ये सर्वांत जास्त. धान्याच्या कोंड्यातले फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून टाकते आणि आतड्यात शोषू देत नाही, हे त्यांनी १९३९ च्या सुमारास दाखवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कोंडा न काढलेले पीठ वापरात आले, तेव्हा या ज्ञानामुळे त्यात खडूची भुकटी मिसळण्यात आली. फायटिक आम्ल आपल्या ज्वारीतही असते.

आता थोडे गणित करू. वर्गात फळ्यावर करण्याजोगे आहे. आपल्याकडील आहारकोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २२० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला १०० ग्रॅम कोरड्या अन्नात सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि ते फॉस्फरसपेक्षा थोडे अधिक असावे लागते. गरज चाळीसपट, आणि प्रमाण तर पूर्ण उलटे. रक्तातले कॅल्शियम उतरले की शरीर ते हाडांतून काढून घेते. भिंतीच्या विटा काढून चूल दुरुस्त करावी तसे हे होते. पायांनी ते वजन पेलायचे कसे?

काळी जीभ

कॅल्शियमची कथा येथे संपते, पण भाकरीची संपत नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा या रोगाने हजारो गरीब माणसे मरत होती. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे, खरखरीत चट्टे, जुलाब, आणि शेवटी वेड, अशी त्याची वाटचाल असे. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी मका खाणाऱ्या शेतकऱ्यांत हा रोग प्रथम नोंदवला होता. अमेरिकेतही रोगी मक्यावर जगणारे होते. बहुतेकांना तो संसर्गजन्य वाटे. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो आहाराचा रोग आहे हे चिकाटीने दाखवले. दूध, मांस, अंडी मिळालेली मुले बरी होत.

त्याच भागातल्या कुत्र्यांना एक रोग होई. तोंड आणि जीभ लाल होऊन मग काळपट पडे, लाळ गळे, जुलाब होत आणि कुत्रा मरे. लोक त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. ही कुत्रीही मालकाप्रमाणेच मक्याच्या भाकरीवर होती. काळी जीभ म्हणजे कुत्र्याचा पेलाग्राच, हे गोल्डबर्गर यांच्या गटाने ओळखले. यीस्टने दोन्ही बरे होत. पण यीस्टमधला घटक कोणता हे कळण्याआधीच, १९२९ साली, गोल्डबर्गर वारले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी यकृताच्या अर्कातून तो वेगळा केला. ते निघाले निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन. हे रसायन एकोणिसाव्या शतकापासून प्रयोगशाळांच्या फडताळात पडून होते. काळ्या जिभेने मरू घातलेल्या कुत्र्याला ते काही मिलिग्रॅम देताच तो उठून खाऊ लागला. वर्षभरात माणसांवरही ते लागू पडले.

हैदराबाद आणि ज्वारी

आता आपल्या मुलखात येऊ. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून मिळालेले उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदलून धाराशिव झाले. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचा उत्तर भाग मिळून बनलेल्या त्या संस्थानातला मोठा प्रदेश ज्वारीचा. राष्ट्रीय पोषण संस्थेची पूर्वज असलेली कुन्नूरची आहारसंशोधन प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली. तेथे डॉक्टरांना एक कोडे पडले. त्यांच्याकडे पेलाग्राचे रोगी येत होते आणि ते मका खात नव्हते. ते ज्वारी खाणारे गरीब शेतमजूर होते.

कोडे कसे ते पाहू. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडे नायसिन स्वतः तयार करू शकते. मक्यात नायसिन बांधलेल्या स्वरूपात असते आणि ट्रिप्टोफॅनही कमी, म्हणून मका खाणारा दोन्हीकडून कोंडीत सापडतो. ज्वारीत असा दोष दिसत नव्हता. मग पेलाग्रा कशाने? १९६० साली डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी मांडले, की मका आणि ज्वारी या दोहोंत ल्युसीन हे अमिनो आम्ल फार आहे. त्याचा अतिरेक ट्रिप्टोफॅनपासून नायसिन होण्याच्या वाटेत अडथळा आणत असावा.

कल्पना तपासायला पुन्हा पिल्ले आली. १९६५ साली बेलवाडी आणि गोपालन यांनी ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांत काळी जीभ उत्पन्न झाल्याचे प्रसिद्ध केले. १९६७ साली पिल्लांच्या अन्नात ल्युसीन वाढवूनही तेच घडल्याचे त्यांच्या गटाने लिहिले. ज्वारीचे सगळे वाण सारखे नव्हते. ज्यात ल्युसीन कमी होते त्यावर कुत्री बरी राहिली.

विज्ञानाची रीत अशी, की येथे गोष्ट थांबली नाही. १९७८ साली केनेथ कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांनाच जादा ल्युसीन देऊन पाहिले, तर त्यांना तसा परिणाम आढळला नाही. हैदराबादच्या संशोधकांनी पुढे आयसोल्युसीन आणि ‘ब-६’ जीवनसत्त्व यांचाही संबंध तपासला. ल्युसीनचा वाद आजही पुरता मिटलेला नाही. वादाबाहेर एकच गोष्ट राहिली: ज्याच्या ताटात ज्वारीशिवाय जवळजवळ काहीच नाही, त्याला धोका आहे.

येथे ज्वारीला दोषी धरणे अन्यायाचे होईल. डाळ, भाजी, ताक यांच्यासोबत ज्वारी हे उत्तम धान्य आहे, आणि कोरडवाहू जमिनीवर तिच्यासारखा आधार नाही. पेलाग्रा झालेला शेतमजूर ज्वारीमुळे आजारी पडला नव्हता. ज्वारीच्या जोडीला काही घेण्याची ऐपत नव्हती म्हणून पडला. पिल्लाला दोरी असते, त्याला दारिद्र्य होते. ताट मात्र दोघांचे सारखेच एकपदरी झाले.

ताटलीत काय असावे?

मग त्या पिल्लाला काय घालावे? भाकरी ठेवावी, पण ती ताटलीतला निम्म्याहून कमी भाग असावी. जर्मनच्या ताटलीत उरलेल्या जागी प्रथिने यायला हवीत. शिजवलेले अंडे हा सर्वांत सोपा उपाय. आठवडी बाजारातून आणलेले कोंबडीचे तुकडे, किंवा बोकडाचे काळीज-फुप्फुस शिजवून द्यावे. काळीज थोडेच द्यावे, कारण त्यात ‘अ’ जीवनसत्त्व इतके असते की जास्त झाले तर अपाय होतो. ‘ड’ जीवनसत्त्व अंड्याच्या बलकात, काळजात आणि मासळीत मिळते. मांस परवडत नसेल तर अंड्याबरोबर शिजवून घोटलेली मुगाची किंवा तुरीची डाळ, मीठ-मसाल्याशिवाय.

कॅल्शियमसाठी अंड्याची कवचे धुऊन, उकळून, वाळवून बारीक कुटावीत. अर्धा चहाचा चमचा पुडीत सुमारे ९०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम कोरड्या अन्नाला ते साधारण पुरते. येथे हात सैल सोडू नये. लहान पिल्लाला जादा कॅल्शियम शोषणे थांबवता येत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्त कॅल्शियम दिल्याने हाडे बिघडल्याचे त्याच उट्रेक्टमधील हेझविंकेल यांनी १९८५ साली दाखवले होते. म्हणून प्रमाण पशुवैद्याला विचारूनच ठरवावे, आणि पाय आधीच वाकले असतील तर घरगुती उपचार करत बसू नये.

दुधाबद्दल गैरसमज आहे. कुत्रीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतो, तर दुग्धशर्करा कमी असते. गायीचे दूध पुष्कळ पाजले की पिल्लाला जुलाब लागतात आणि पोषणही होत नाही. आपल्या उस्मानाबादी शेळीचे दूध झाले तरी तेही कुत्रीच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही. थोडे दूध किंवा दही चालते. निदान सहा-आठ आठवडे पिल्लू आईपासून तोडू नये, हेच बरे. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाऊ घालावे.

काही गोष्टी मुळीच देऊ नयेत. कांदा-लसणातील गंधकाची संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, म्हणून चंपाषष्ठीच्या भरिताचा घास कांदा घालण्यापूर्वी बाजूला काढावा. द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे १९९९ नंतर ध्यानात आले. त्यातील टार्टरिक आम्ल त्याला कारण असावे असा अलीकडचा कयास आहे. हे आम्ल चिंचेत भरपूर असते, तेव्हा आमटी-सारही नको. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात हे माहीत असावे. चॉकलेट नको. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात. आणि शेळ्या-मेंढ्यांची कच्ची आतडी-फुप्फुसे कधीही देऊ नयेत. त्यातून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. जुन्या काळच्या मोकळ्या कुत्र्यांच्या ताटात सारे पोषण होते तसा हा धोकाही होता. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे.

पुडक्यावरची यादी

आता तालुक्याच्या गावीही पिल्लांचे तयार खाद्य पुडक्यात मिळते. ते विकत घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या-त्याच्या खिशाचा प्रश्न. पण शिक्षकांनी एकदा पुडके मिळवून मागची छापील यादी मुलांना वाचायला लावावी. कॅल्शियम, फॉस्फरस, ‘ड’ जीवनसत्त्व, नायसिन, ट्रिप्टोफॅन. यातल्या अनेक नावांमागे कोणत्या तरी प्रयोगशाळेतले, एकाच अन्नावर ठेवलेले एक कुत्रे आहे. त्या ज्ञानाने कोट्यवधी मुलांचे पाय सरळ राहिले, पेलाग्रा मागे हटला. ज्यांच्यामुळे ते कळले त्या प्राण्यांना त्यात काही निवड नव्हती. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला आणि प्रयोगांवर देखरेख करणारे नियम १९९८ साली आले. मॅजेन्डी आणि मेलनबी यांच्या काळात असे काही नव्हते किंवा फार थोडे होते. त्यांचे निष्कर्ष वापरताना हे विसरू नये, एवढे तरी आपण करू शकतो. जे आधीच कळलेले आहे ते पुन्हा दारातल्या पिल्लावर करून पाहायचे नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

मुलांसाठी एक उपक्रम सुचवतो. आपापल्या घरच्या किंवा गल्लीतल्या एका कुत्र्याचे आठवडाभराचे खाणे वहीत उतरवावे: घातलेले वेगळे, त्याने स्वतः मिळवलेले वेगळे. मग त्याच पानावर समोरासमोर स्वतःचे आठवडाभराचे खाणे लिहावे. कोणत्या बाजूला पदार्थांची संख्या अधिक आहे ते मोजावे. आम्ही त्या शाळेत हे करायला सांगितले तेव्हा एका मुलीने दोन्ही रकान्यांत तोच शब्द सात वेळा लिहिला होता. वही आमच्यापुढे धरताना ती आमच्याकडे पाहत नव्हती. पिल्लाची चौकशी करायला गेलेल्या आम्हांला खरा प्रश्न तिथे सापडला.